बाराशे मापं तांदूळ

रमजानच्या महिन्यात मामा कादझोच्या खाणावळीला पडदा लागतो. निळी ताडपत्री, वर चार खिळे. मोंबासात ज्याला दिवसा जेवायचं त्याने खुशाल जेवावं, पण रोजा असलेल्याच्या डोळ्यांसमोर घास उचलू नये, एवढं सगळेच पाळतात. कादझोची ताडपत्री मात्र गुडघ्यापर्यंतच पोचते. आत कोण बसलंय ते रस्त्यावरच्यांना चपलांवरून कळतं. वीस वर्षं सांगतेय मी तिला, बाई, हातभर मोठी घे. घेत नाही.

तिथे बंदरातले हमाल येतात, मार्किटी बाजारातले ख्रिस्ती भाजीवाले येतात. त्यांना लाज कसली असणार, त्यांचा रोजाच नाही. कोपऱ्यातलं टेबल मात्र आमचं. आमचं म्हणजे ज्यांचा कुठलाच देव राहिलेला नाही त्यांचं.

मी वाकेशो. तैता डोंगरातली. वडील चर्चमध्ये प्रवचन द्यायचे. मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि वडील गेल्यावर चर्चची पायरी चढले नाही. माझ्या लपायची वेळ रविवारी सकाळी अकराची. गल्लीतल्या बायका नटूनथटून प्रार्थनेला निघतात तेव्हा मी इथे चहा पीत असते. रतिभाई शाहांची फरश्यांची वखार आहे. ते लपतात पर्युषणात. घरात सगळ्यांचे उपास चालू असतात आणि हे आमच्या टेबलावर चपात्या मोडत असतात. देव, मोक्ष, पुनर्जन्म, सगळं सोडलं माणसाने, पण बटाटा काही खाता येत नाही. पानात आला की बाजूला सारतात.

"रतिभाई, पाप लागेल म्हणून घाबरता का?" असं विचारलं की म्हणतात, "पाप नाही हो टीचर. ओकारी येते."

आणि तिसरा फमाऊ शेह. त्याची लपायची वेळ म्हणजे अख्खा रमजान, म्हणून आमच्यात तो ज्येष्ठ.

फमाऊ बाजुनी. उत्तरेकडच्या बेटांवरचे हे दर्यावर्दी लोक. बाप त्याच्या लहानपणीच समुद्रात गेला, आई दोन पोरं घेऊन मोंबासाला आली. आता तो साठीचा आहे. किडकिडीत, कानावर पेन्सिल, बोटांना कायम डाखाचा वास. जुन्या शहराच्या तोंडाशी त्याचं दुकान आहे. तो कर्णे दुरुस्त करतो. मशिदीचे कर्णे, चर्चचे कर्णे, देवळातला आरतीचा माईक, बोहऱ्यांच्या सभागृहातली यंत्रणा, सगळं त्याच्याच हातचं. शुक्रवारच्या खुतब्यात, म्हणजे प्रवचनात, खरखर आली की मशिदीतले उस्ताद स्वतः दुकानात येतात. रविवारी पाद्र्याचा आवाज बसला की पाद्री येतो. एका वर्षी चर्चचं गाणं आणि मशिदीची बांग एकमेकांवर आदळायला लागली, लोकांची तोंडं वाकडी झाली. फमाऊ शिडी घेऊन गेला, चर्चचा कर्णा समुद्राकडे वळवला, मशिदीचा बाजाराकडे, आणि खाली उतरून म्हणाला, "आता ज्याचं त्याला ऐकू जाईल." भांडण मिटलं. तो सगळ्यांचाच मिस्त्री, म्हणून सगळ्यांनी ऐकलं.

त्याचा विश्वास कसा गेला हे मी खोदून खोदून विचारलं होतं. मला वाटलं काही मोठं घडलं असेल, कुणी मेलं असेल. तसलं काहीच नाही. विसाव्या वर्षी तो एका मालवाहू जहाजावर रेडिओ सांभाळायला लागला. पुढच्या रमजानमध्ये जहाजावर पाळ्या लागल्या, एक रोजा चुकला, मग दुसरा. "आधी दोन दिवस टोचलं," तो म्हणाला. "तिसऱ्या दिवशी आपण विसरलोय हेच विसरलो. परत आल्यावर आठवून बघितलं, तर आत काही नव्हतंच. रिकाम्या खोक्यात हात घालावा तसं." एवढीच त्याची कहाणी. टर उडवत नाही, वाद घालत नाही. रोजेकरी गिऱ्हाईक आलं तर चूळ भरूनच बोलतो.

पण एक गोष्ट होती, तिच्यावरून माझं त्याच्याशी दरवर्षी वाजायचं.

त्याची आई, बी झेना, ऐंशीच्या पुढची. मुलीकडे, मिस्कीकडे, जुन्या शहरातल्या घरात वरच्या मजल्यावर राहायची. रमजानमध्ये रोज संध्याकाळी सव्वासहाला फमाऊ तिथे हजर. सगळी चटईवर बसायची. बांग झाली की बी झेना वाटीतला पहिला खजूर उचलायची आणि फमाऊच्या हातावर ठेवायची. मग स्वतः घ्यायची. तो जहाजावरून परतला त्या वर्षापासून हे चालू होतं. आणि हा बाबा दुपारी आमच्यात बसून भरपेट तुरीच्या दाण्यांची नारळातली उसळ चापून गेलेला असायचा.

"आईच्या डोळ्यांत धूळ फेकतोस," मी म्हणायचे.

"मी कुठे काय बोलतो, बाई? ती विचारत नाही."

"म्हणजे तिने विचारायला हवं का?"

"तुमच्या वडिलांना तुम्ही सांगितलंत?"

नव्हतं सांगितलं. ते मेले तेव्हा त्यांच्या उशाशी बसून मी स्तोत्र म्हटलं होतं, आणि त्याचा राग मला अजून येतो, त्यांचा नाही, माझा.

तर गेल्या वर्षीचा रमजान मार्चमध्ये आला, उकाड्यात. बी झेनाला साखरेचा आजार जुना, त्या वर्षी फार वाढलेला. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, रोजा धरायचा नाही, वेळेवर खायचं आणि खाल्ल्यावर गोळ्या घ्यायच्या. उस्तादही घरी येऊन सांगून गेले की आजाऱ्याला माफी आहे, चुकलेल्या दर दिवसामागे एका गरिबाला एक माप तांदूळ द्यायचे, म्हणजे झालं. त्याला फिद्या म्हणतात. बी झेनाने डॉक्टरांपुढे मान डोलावली, उस्तादांपुढेही मान डोलावली.

मिस्की रोज बाराला ताट वर नेऊन ठेवायची. पेज, नारळाच्या दुधात मळून तळलेली माहमरी, कधी मासा. दार लोटून खाली यायची, म्हणजे म्हातारीला संकोच नको. तासाने ताट चाटूनपुसून रिकामं. मिस्की खूश. मग गल्लीतली मांजरं बाळसं धरायला लागली. रमजानमध्ये इथली मांजरं दिवसभर मरगळलेली असतात, आणि या घराच्या मागच्या छपरावर मात्र सहा मांजरं पोट वर करून पडलेली. तरी कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. नवव्या दिवशी बी झेना न्हाणीघरात कोसळली. गोळ्या इमानेइतबारे घेतलेल्या आणि पोटात अन्नाचा कण नाही. दोन दिवस इस्पितळात काढले. डॉक्टर फमाऊला म्हणाले, "पुन्हा असं झालं तर मला बोलवायची गरज पडणार नाही."

घरी आल्यावरही तेच. मिस्कीने शेजारी बसून भरवायचं ठरवलं, तर म्हातारीने ओठ घट्ट मिटले. "तुझा रोजा आहे. तुझ्या तोंडासमोर मी चघळत बसू? सात वर्षांची होते तेव्हापासून रमजानात उजेडी मला कुणी खाताना पाहिलेलं नाही." घरातले सगळे रोजेकरी. शेजारपाजारचे सगळे रोजेकरी. खायची परवानगी मिळाली होती, पण सोबत कोण देणार?

त्या दिवशी फमाऊ पडद्यामागे आला तेव्हा त्याच्यापुढचं ताट तसंच राहिलं. त्याने आम्हाला सगळं सांगितलं. मांजरांचं ऐकताना मला हसू आलं आणि त्याचा चेहरा पाहून ते गिळावं लागलं.

"सुई देता येत नाही का, सलाईन वगैरे?" रतिभाईंनी विचारलं.

"किती दिवस देणार?"

कादझो पातेलं घासत होती. मान वर न करता म्हणाली, "एकटीला अन्न जातंय का कुणाला? तुम्हीच बघा. तिघांच्या घरी चुली आहेत. माझ्या हाताला अमृताची चव आहे म्हणून येता होय इथे? एकट्याने खावं लागू नये म्हणून येता."

रतिभाई पानातला बटाटा उगाच इकडून तिकडे ढकलत राहिले. फमाऊने कानावरची पेन्सिल काढली, टेबलावर ठेवली, पुन्हा कानावर अडकवली.

"कादझो," तो म्हणाला, "डबा भर. दोघांचा." मग माझ्याकडे वळला. "बाई, तुम्ही चला. मी एकटा गेलो तर दारातून परत येईन."

मग कादझोने तिघांचा भरला.

मिस्की दारातल्या ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. तिला काही न सांगता आम्ही जिना चढलो. बी झेना पलंगावर उशांना टेकून बसली होती, हाडांची मोळी नुसती, पण डोळे लखलखीत. मला ती ओळखत होती. तिच्या नातवंडांना मी भागाकार शिकवला होता.

"या मास्तरीणबाई. भर उन्हाच्या कशा?"

फमाऊने स्टुलावर डबा उघडला. उसळीचा वास खोलीभर झाला. म्हातारीने नाकाला पदर लावला.

"हे कुणाला?"

"तुला. आणि मला."

"तुझा रोजा आहे."

"नाही, आई."

"का? बरं नाही?"

"बरा आहे."

"मग?"

"मी रोजे धरत नाही."

"आजचा?"

"कुठलाच. जहाजावर गेलो तेव्हापासून एकही नाही."

एवढं बोलून त्याने माहमरी तोडली, उसळीत बुडवली आणि तोंडात घातली. उसळ सदऱ्यावर सांडली. साठीचा माणूस आईसमोर नुसता चावत राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मीही एक घास घेतला, त्याला सोबत म्हणून.

बी झेनाने नाकावरचा पदर काढला.

"आणि संध्याकाळचा खजूर?" तिने विचारलं.

"खायचो."

"पहिला तुला द्यायचे मी. माझ्या घशाला कोरड पडलेली असायची, तरी आधी तुला. म्हणायचे, पोरगं दिवसभर उन्हात शिड्या चढतं."

"हो."

"तुझ्या घशाखाली कसा उतरायचा रे?"

म्हातारीने पाठ फिरवली आणि भिंतीकडे तोंड केलं. तिची पाठ हलत होती. मला वाटलं आता आपण उठावं, पण फमाऊ उठेना.

"मी रोज बाराला येणार," तो त्या पाठीला म्हणाला. "इथे बसून जेवणार. तू जेव, नको जेवू."

"बेशरम."

"हो."

खाली मिस्कीचं सूप वाजत होतं. मी डोळे खाली घालून बसले होते. बऱ्याच वेळाने पलंगावरून एक हात मागे आला, चाचपडत स्टुलापर्यंत पोचला आणि अर्धी माहमरी उचलून गेला. तिने ती भिंतीकडे तोंड करून खाल्ली, सगळी. मग हात पुन्हा आला. फमाऊने त्यात उसळीची वाटी दिली.

तेवढ्यात मिस्की पाणी घेऊन वर आली आणि दारातच थबकली. भाऊ जेवतोय, तेही रमजानात, तेही आईच्या खोलीत. तिने तोंड उघडायच्या आत भिंतीकडून आवाज आला, "त्याला पित्त झालंय. डॉक्टरांनी सांगितलंय खायला. जा तू."

बी झेना खोटं बोललेली मी तेवढं एकदाच ऐकलं.

पुढचे दोन दिवस तसेच गेले. तो बाराला जायचा, ती भिंतीकडे तोंड करून जेवायची, शब्द नाही. तिसऱ्या दिवशी तिने निरोप पाठवला की मास्तरीणबाईंना घेऊन ये.

त्या दिवशी ती आमच्याकडे तोंड करून बसली होती. मांडीवर लाकडी माप होतं, काळं पडलेलं, तिच्या सासूच्या वेळचं.

"हिशेब करायचाय," ती मला म्हणाली. "हा जहाजावर गेला आणि पहिला रोजा सोडला तेव्हा एकवीसचा होता. यंदाचा धरून किती रमजान झाले?"

"एकोणचाळीस," मी म्हणाले.

"चूक. आपलं वर्ष तुमच्या वर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान. मध्ये एक रमजान जास्तीचा येऊन गेला. चाळीस. काय शिकवलंत हो पोरांना?"

एकतीस वर्षांच्या नोकरीत माझी चूक अशी कुणी काढली नव्हती. मी मान्य केली.

"चाळीस महिन्यांचे दिवस किती?"

"तीस धरले तर बाराशे. पण काही महिने एकोणतीसचे असतात, तेव्हा..."

"तीसच धरा. देवाशी घासाघीस नको." तिने माप फमाऊपुढे केलं. "माझे या वर्षीचे तीस दिवस मी वेगळे देणार. हे तुझे. दिवसाला एक माप तांदूळ, एका गरिबाला. तू स्वतःच्या हाताने न्यायचे. रोज."

"पोतं एकदम दिलं तर?" फमाऊने विचारलं.

"चालत नाही. एका रोज्याला एक दिवस."

"असं उस्ताद म्हणाले?"

"मी म्हणते. उस्तादांना यात आणायचं नाही. त्यांनी तुझ्या पित्ताबद्दल विचारलं तर काय सांगू मी?"

मी मनातल्या मनात भागाकार केला आणि म्हणाले, "तीन वर्षं साडेतीन महिने लागतील."

बी झेना थोडा वेळ बोटांवर काहीतरी मोजत राहिली. "म्हणजे तेवढं जगायला लागेल," ती म्हणाली. "याच्या भरवशावर सोडलं तर हा चौथ्या दिवशी विसरेल. मिस्की, गोळ्या आण गं." मग फमाऊकडे पाहिलं. "आणि पुढच्या रमजानचं काय?"

आता इथे 'धरीन' म्हणायला काय जात होतं त्याचं? म्हातारीला बरं वाटलं असतं. मी टेबलाखालून पाय मारावा तशी त्याच्याकडे बघत होते.

"पुढच्या वर्षीही मी धरणार नाही, आई."

"मग बाराशे तीस," बी झेना म्हणाली. तिच्या आवाजात राग होता की आणखी काही, मला सांगता येणार नाही.

परत येताना मी त्याला विचारलं, "हे तुमच्यात असं चालतं? दुसऱ्याने सोडलेले रोजे आईने तांदूळ देऊन फेडायचे?"

"नाही चालत," फमाऊ म्हणाला. लहानपणी मदरशात तो पहिला यायचा. "फिद्या ज्याला जमत नाही त्याच्यासाठी. आजारी, म्हातारा. ज्याने धडधाकट असून धरला नाही त्याला सुटका नाही. त्याने पश्चात्ताप करायचा आणि स्वतः उपाशी राहून तेवढे दिवस भरायचे. तांदळाने काहीही फिटत नाही. आईचा घोटाळा झालाय."

"मग सांगितलं का नाहीस? परवा तर मोठा खरं बोलायला निघाला होतास."

"सकाळपासून दोनदा पेज प्यायली ती," तो म्हणाला. "मांजरांना काही दिलं नाही."

दुसऱ्या दिवसापासून तो रोज सकाळी दहाला दुकानाला कुलूप लावून आईकडे जायचा. ती स्वतः माप भरायची, वरून बोट फिरवून सपाट करायची, नेमकं. तो ते पिशवीत घालून मशिदीच्या गल्लीतल्या चटया विणणाऱ्या आंधळ्याकडे न्यायचा. त्याच्या घरी सात तोंडं. आंधळ्याने कधी विचारलं नाही की कसले तांदूळ. उस्तादांनी एकदा फमाऊला पिशवी घेऊन जाताना पाहिलं आणि दुकानात येऊन म्हणाले, "मिस्त्री, तू मनाने चांगला मुसलमान आहेस." फमाऊने त्यांच्या माईकची वायर तपासत 'हं' एवढंच म्हटलं.

बी झेनाची साखर उतरली. ती भांडायला लागली, मिस्कीच्या माशात खोड काढायला लागली, एकदा तर ओट्यावर येऊन बसली. रमजान संपला तरी फमाऊ बाराला तिच्याबरोबर जेवायचा. उसळ कादझोचीच. मी अधूनमधून गेले की ती मला परीक्षेला बसवायची. "मास्तरीणबाई, किती राहिले?" मी आकडा सांगायचा, तो तिला आधीच पाठ असायचा.

यंदाचा रमजान पंधरा दिवसांवर आला तेव्हा कादझोने ताडपत्री काढून झटकली. तीच, गुडघ्यापर्यंतची. आम्ही तिघं कोपऱ्यात बसलो होतो. सकाळीच बी झेनाने मला विचारलं होतं आणि मी सांगितलं होतं, आठशे त्र्याऐंशी.

रतिभाई फमाऊला म्हणाले, "मिस्त्री, एक सांगू? तुझा विश्वास नाही, ठीक आहे. माझाही नाही. पण एक महिना नुसतं उपाशी राहिलास तर काय बिघडणार आहे? तेवढे तीस चढणार नाहीत. म्हातारीचं ओझं हलकं होईल."

मलाही ते पटलं. मी म्हणाले, "हिशेबानेही बरोबर आहे. तीस कमी म्हणजे महिनाभर आधी फिटेल."

फमाऊने माहमरीचे दोन तुकडे केले आणि एक माझ्या ताटात ठेवला.

"कमी कशाला करायचे, बाई?" तो म्हणाला.